शिकागोचे प्रदर्शन आणि एक श्रावक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने १८९३ साली शिकागो येथे विश्वप्रदर्शन भरले. सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ७० लाख प्रवेश नोंदले गेले. फेरिस या अभियंत्याने तेथे २६४ फूट उंचीचा आकाशपाळणा उभारला. त्याला ३६ डबे होते व प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत. म्हणजे एका वेळी २१६० जण आकाशात!

याच निमित्ताने ११ ते २७ सप्टेंबरपर्यंत तेथे सर्वधर्म परिषद झाली. परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराज यांना आले. परंतु साधू पादविहारी. समुद्रप्रवास त्यांच्या आचारात बसत नव्हता. मग त्यांनी मुंबईच्या जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीस वीरचंद राघवजी गांधी यांना तयार करून पाठविले. एल्फिन्स्टनचे हे पदवीधर तेव्हा अवघे २९ वर्षांचे होते. समुद्र ओलांडण्यास समाजातूनच विरोध झाला, तरी ते गेले. काठेवाडी पगडी बांधून त्यांनी परिषदेत जैन तत्त्वज्ञान मांडले आणि पुढे अमेरिकेत अनेक व्याख्याने दिली. १९०१ साली, वयाची ३७ वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, ते निवर्तले.

तो प्रचंड पाळणा १९०६ साली सुरुंग लावून पाडला गेला. परिषदेची वास्तू मात्र आजही कलासंग्रहालय म्हणून उभी आहे. गुरूंचे व्रत अभंग राहिले आणि निमंत्रणही वाया गेले नाही. कारण एक श्रावक पुढे झाला. साधूंची पावले जेथे थांबतात, तेथून पुढची वाट श्रावकाने चालावयाची असते.

जय जिनेन्द्र!