लॉकर म्हणजे नेमका कोणता?

 

आज एका शब्दाबद्दल बोलू या: लॉकर. आपल्या आज्या-पणज्यांकडे हा शब्द नव्हता. धान्य पेवात नाहीतर बळदात असायचं आणि चार पैसे डाळीच्या डब्यात. आता कपाटातला चोरकप्पा लॉकर, बँकेतला लॉकर, आणि मोबाईलमध्येही लॉकर. शब्द एक, पण प्रत्येकाचा कारभार निराळा.

गटात एखादी म्हणते, "दागिने बँकेत ठेवलेत." आम्ही विचारतो, लॉकरमध्ये की तारण? लॉकरमध्ये असतील तर आपण भाडं भरतो आणि हवे तेव्हा काढतो. तारण असतील तर ते कर्जापोटी अडकलेत. हप्ते थकले तर बँक लिलाव करू शकते. म्हणून घरातल्या माणसानं "बँकेत ठेवले" म्हटलं, तर पावती मागा. आपलं स्त्रीधन आहे, विचारायला लाजायचं कशाला?

बँकेच्या लॉकरमध्ये आपण काय ठेवलंय, हे बँकेला माहीत नसतं. त्याची यादी आपणच करून ठेवायची. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्या माणसानं केलेली फसवणूक, यात बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या 100 पटीपर्यंतच असते. भाडं 1,500 रुपये असेल तर दीड लाखापर्यंत. पूर, भूकंप, वीज अशा आपत्तीत बँक सहसा जबाबदार नसते.

डिजिलॉकर सरकारनं 2015 साली आणला. तो फुकट आहे. त्यात सोनं नाही, कागद राहतात. सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद कायद्यानं मूळ कागदाच्या बरोबरीचा. आपण फोटो काढून चढवलेल्या कागदाला तो मान नाही. आणि तो उघडताना ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर मुलाचा किंवा दिराचा असेल, तर तुमच्या लॉकरची किल्ली त्यांच्या खिशात!

आपल्या गटाच्या पेटीचं बघा. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, हिशेब सगळ्यांसमोर. हीच रीत घरी लावा. येत्या बैठकीत प्रत्येकीनं तीन गोष्टी सांगायच्या: लॉकर कोणाच्या नावावर, किल्ली किंवा नंबर कोणाकडे, आणि नॉमिनी कोण. उत्तर येत नसेल, तर दोघी-तिघी मिळून बँकेत जाऊ.