शपथेवरचं खोटं : खटला केव्हा भरावा?

(खारघर येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

पोटगीचा दावा लावलेली बाई दोन-तीन तारखा झाल्या की एक प्रश्न हमखास विचारते, "ताई, तो शपथेवर धडधडीत खोटं बोलला. मग त्याला शिक्षा का होत नाही?" प्रश्न रास्त आहे. चाळीस हजार कमावणारा नवरा प्रतिज्ञापत्रात दहा हजार लिहितो. नोकरी सुटल्याचं पत्र जोडतो. आपल्या या पनवेल तालुक्यात तर सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतला भूखंड अचानक भावाच्या नावावर दिसू लागतो. या खोट्याची किंमत शेवटी कोण भरतं? मुलांचं दूध, शाळेची फी आणि माहेरच्यांचे उपकार यांतून ती बाईच भरते.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा देणं हा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली येतो, त्याआधी तो दंड संहितेच्या कलम 193 खाली येत असे. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. पण या गुन्ह्यासाठी तुम्ही आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन थेट खटला उभा करू शकत नाही. ज्या कोर्टापुढे खोटं बोललं गेलं, त्या कोर्टानेच लेखी तक्रार करावी लागते. आपण त्या कोर्टाला अर्ज देऊ शकतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 340 खाली देत, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 379 खाली देतात.

आणि कोर्ट प्रत्येक खोट्यासाठी तक्रार करत नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी इक्बालसिंग मारवाह प्रकरणात सांगितलं, की तक्रार करणं न्यायाच्या हिताचं आहे का, हे कोर्टाने पाहावं. तिथे कसोटी आपल्याला किती दुखलं ही नाही. त्या खोट्याने न्यायदानावर काय परिणाम झाला, ही आहे. ऐकायला हे कोरडं वाटतं. पण उद्या प्रत्येक हरलेल्या पक्षकारावर खटला भरता आला, तर सर्वांत आधी कोणावर भरला जाईल, याचा विचार करा. घरात चार भिंतींआड मार खाल्लेली, साक्षीदार नसलेली बाईच त्यात सापडेल. आरोपी सुटला म्हणजे फिर्याद खोटी, असं होत नाही. पुरावा पुरला नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

मग आग्रह कुठे धरायचा? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. बोलणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत होतं का? त्या खोट्यावर निकाल फिरणार होता का? आणि ते कागदाने दाखवता येतं का? तारीख चुकली, घटनांचा क्रम मागेपुढे झाला, तर ते भीतीचं किंवा विसरण्याचं लक्षण आहे. पगार लपवणं तसं नाही. तो हिशेब थंड डोक्याने केलेला असतो, आणि बँकेचं खातेपुस्तक, आयकर विवरण, सातबारा हे सगळे त्याच्याविरुद्ध बोलतात.

याबाबतीत आपल्या हातात एक चांगलं साधन आहे, आणि ते आपल्याच राज्यातल्या खटल्यातून आलं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात 2013 साली दाखल झालेला पोटगीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 4 नोव्हेंबर 2020 रोजी 'रजनीश विरुद्ध नेहा' या निकालात न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं. नवऱ्याने ते चार आठवड्यांत द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आणि त्यात खोटी माहिती दिली, तर कोर्ट कलम 340 ची कारवाई आणि न्यायालयाच्या अवमानाची कारवाई सुरू करण्याचा विचार करू शकतं.

'दोन्ही पक्षांनी' हे शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडे आलेली बहीण शिकवण्या घेत असेल, पार्लर चालवत असेल, तर तेही लिहायला सांगा. कमावत्या बाईचा पोटगीचा हक्क तेवढ्याने संपत नाही, हेही त्याच निकालात आहे. मग लपवायचं कशाला? आपल्या खोट्याकडे डोळेझाक करून दुसऱ्याच्या खोट्यावर बोट ठेवता येत नाही.

आता अवघड बाजू. फितूर होणाऱ्या साक्षीदार बाईचं काय? बेस्ट बेकरीचा खटला आठवा. 2002 साली बडोद्यात 14 माणसं मारली गेली. 2003 साली तिथल्या कोर्टाने सगळ्यांना सोडलं. फेरखटला मुंबईत चालला, आणि 2006 साली नऊ जणांना जन्मठेप झाली. त्याच वर्षी जबाब पुन्हा पुन्हा फिरवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जाहिरा शेखला अवमानासाठी एक वर्षाची कैद सुनावली. साक्ष फिरवणं गंभीरच आहे. पण तरुण मुलगी साक्ष फिरवते तेव्हा तिच्यामागे कोण उभं आहे, कोणी धमकावलं, कोणी पैसे दिले, याचा तपास तितक्याच जोराने व्हायला नको का? साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली डिसेंबर 2018 मध्ये, म्हणजे तिच्या शिक्षेनंतर बारा वर्षांनी. सासरी परत नांदायला गेलेली बाई कोर्टात "मला काही झालं नाही" म्हणते, तेव्हाही हाच प्रश्न विचारा. आधी संरक्षण, मग जाब.

तेव्हा मैत्रिणींनो, काम असं करू. पोटगीच्या पहिल्याच तारखेला प्रतिज्ञापत्र मागा. ते आलं की ओळीने वाचा आणि ज्या ओळी खोट्या वाटतात, त्यांच्यासमोर कागद लावा. कागद त्याच्याकडेच असतील, तर ते हजर करण्याचा आदेश कोर्टाकडे मागा. खोटं सिद्ध होत असेल, तर वकिलांना अर्ज लिहायला सांगा. त्यात कोणतं वाक्य खोटं, कोणत्या कागदावरून, आणि त्याने पोटगीत किती फरक पडला, एवढंच असावं. शिव्याशाप नकोत. पण हा अर्ज पोटगीच्या अर्जाच्या आड येऊ देऊ नका. नवरा तुरुंगात जाईल की नाही हे वर्षांनी ठरेल. मुलाची फी या जूनमध्ये भरायची आहे.