हिशेबाच्या घरांना कुलूप
(साकोली येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. तरी मंडळाच्या बचतीचा हिशेब संगणकावर एक्सेलमध्ये मीच ठेवते. गेल्या रोवणीच्या दिवसांत माझ्या हातून बेरजेचे सूत्र पुसले गेले व त्या जागी नुसता आकडा पडला. पुढे पैसे भरूनही एका भगिनीची बाकी तशीच दिसत राहिली. चारचौघींत तिला मान खाली घालावी लागली. चूक माझी, आज सर्वांसमक्ष तिची क्षमा मागते.

मग उपाय शिकले. एक्सेलमधील सर्व घरे मुळातच ‘लॉक्ड’ असतात. पण पत्रकाला संरक्षण दिल्याखेरीज ते कुलूप लागत नाही. म्हणून आधी रोज आकडे भरायची घरे निवडून ‘फॉरमॅट सेल्स’च्या ‘प्रोटेक्शन’मध्ये ‘लॉक्ड’ची खूण काढावी. नंतर ‘रिव्ह्यू’मधून ‘प्रोटेक्ट शीट’ करावे. सूत्रे बंद राहतात, भरायची घरे मोकळी.

परवलीचा शब्द दोघींपाशी असावा. विसरल्यास मायक्रोसॉफ्टही तो परत देऊ शकत नाही. हे कुलूप चुकणारा हात थांबवते. चोराला ते तोडता येते, म्हणून वही सोडू नये.

धानाच्या कोठीला आपण झाकण घालतोच ना? तसेच हे. एवढे बोलून आपली रजा घेते.