अंगठा उठवण्याआधी



बँकेत आम्ही रोज लोकांना सांगतो, "वाचल्याशिवाय सही करू नका." आमच्या आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा आम्हीच ते विसरलो. डॉक्टर म्हणाले, "चाकांच्या नव्या वॉकरचा अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का?" आम्ही लगेच संमतिपत्र आईपुढे धरले. निरक्षर आई म्हणाली, "पाय माझा आहे. आधी वाचून दाखव."

नियमाप्रमाणे त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचन झाले. नवा वॉकर कोणाला, नेहमीचा कोणाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरणार होते. त्याशिवाय तुलना खरी होत नाही. आईने विचारले, "मध्येच सोडले तर औषधपाणी बंद कराल?" डॉक्टर म्हणाले, "नाही." कागदावरही तेच होते. मग तिने अंगठा उठवला.

वाट्याला नेहमीचाच वॉकर आला. आम्ही हिरमुसलो. आई म्हणाली, "तुलनेला जुनाही लागतोच ना?"

अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे गरीब कृष्णवर्णीय रुग्णांना खरा आजार न सांगता, उपचाराविना ठेवून सिफिलिसचा अभ्यास केला गेला. आईचा प्रश्न म्हणूनच लहान नव्हता.

अशा अभ्यासाला घाबरू नये. त्यातूनच पुढच्या रुग्णाचे भले होते. मात्र विचारल्याशिवाय होकार देऊ नये. विद्यार्थी मित्रहो, घरच्यांना असा कागद वाचून दाखवणे हाही आपल्या शिक्षणाचाच उपयोग आहे.

जयभीम.