अफूबंदीचे करार आणि शेतकऱ्याची भाकरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत चाललेल्या वाटाघाटींना शतकाहून अधिक काळ लोटला आहे. १९०९ साली शांघायला अफू आयोग भरला आणि १९१२ साली हेगला पहिला करार झाला. या इतिहासाच्या आरंभीच एक विसंगती आहे. ज्या ब्रिटनने एकोणिसाव्या शतकात चीनशी अफूसाठी युद्ध केले, त्याचेच प्रतिनिधी हेगला सही करीत होते. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या नफ्यावर मुंबईतील काही व्यापारी घराणी गब्बर झाली. अफूचा प्रश्न मुळापासूनच सत्तेचा आणि बाजाराचा आहे, तो असा.

आज मला तुमच्यापुढे तुर्कस्तानचे उदाहरण मांडावयाचे आहे.

१९७१ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांचे व्यसन हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचे जाहीर केले. तुर्की अफूपासून मार्सेय येथील गुप्त कारखान्यांत हेरॉइन तयार होई आणि ते अमेरिकेत पोचे. अमेरिकेने तुर्कस्तानवर दडपण आणले. लष्कराच्या धमकीनंतर त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या निहात एरिम यांच्या सरकारने अफूची लागवड बंद करण्याचे मान्य केले. मोबदला म्हणून अमेरिकेने साडेतीन कोटी डॉलर देऊ केले.

हा व्यवहार दोन सरकारांमधला होता. अनातोलियाच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. त्याच्या लेखी खसखशीचे पीक म्हणजे केवळ अफू नव्हे. बियांचे तेल स्वयंपाकाला, पेंड जनावरांना आणि वाळलेली ताटे चुलीला, असा त्याचा संसार त्या पिकावर उभा होता. अफ्योन या जिल्ह्याच्या नावातच अफू आहे! इकडे अमेरिकेच्या बाजारात तुर्की माल कमी झाला, तेव्हा मेक्सिकोच्या हेरॉइनने ती जागा भरून काढली.

जुलै १९७४ मध्ये निवडून आलेले पंतप्रधान बुलेंत एजेवित यांनी ही बंदी उठविली. ते सामाजिक लोकशाहीवादी पक्षाचे नेते होते. अमेरिकेत संतापाची लाट उसळली. परंतु खरी मुत्सद्देगिरी यानंतरच दिसली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या साह्याने तुर्कस्तानने नवी पद्धत स्वीकारली. बोंडांना चिरा देऊन चीक काढावयाचा नाही. अखंड बोंडे वाळवून सरकारला विकावयाची आणि सरकारी कारखान्यात त्यांपासून औषधी मॉर्फीन काढावयाचे. चीकच निघेना, तेव्हा चोरट्या व्यापाऱ्याच्या हाती काय लागणार? शेतकऱ्याचे पीक राहिले, तेल राहिले, आणि तुर्की अफूची गळती थांबली. पुढे १९८१ साली औषधनिर्मितीसाठी लागणारा बहुतांश कच्चा माल भारत आणि तुर्कस्तान यांच्याकडूनच घेण्याचा नियम अमेरिकेनेच केला.

याउलट अफगाणिस्तान पाहा. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने अफूबंदीचे फर्मान काढले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार २०२३ साली तेथील लागवड ९५ टक्क्यांनी घटली. पण त्याबरोबर अफूपासूनचे शेतकऱ्यांचे उत्पन्न सुमारे १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर आले, आणि त्याच वर्षी म्यानमार हा अफूचा सर्वांत मोठा उत्पादक देश ठरला. हुकमाने पीक उपटता येते. मागणी आणि गरिबी उपटता येत नाही.

सार्वभौमत्वाच्या नावाखाली या विषाच्या व्यापाराला पाठीशी घालावे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. व्यसनाने प्रथम उद्ध्वस्त होते ते कष्टकऱ्याचेच घर. म्हणूनच करार हवेत, आणि ते कडकही हवेत. १९८८ च्या व्हिएन्ना करारात एक मोलाचे कलम आहे: बँकेच्या गुप्ततेची सबब सांगून कोणत्याही राष्ट्राला चौकशी नाकारता येणार नाही. हेरॉइन बनविण्यास लागणाऱ्या रसायनांवरही त्या करारान्वये नियंत्रण आहे. ही कलमे जितक्या कठोरपणे राबविली जातील, तितका हा व्यापार खिळखिळा होईल. परंतु शेतावर नांगर फिरविणे सोपे आणि बँकेची तिजोरी उघडणे अवघड, म्हणून नांगरच आधी निघतो.

तेव्हा असा एखादा नवा करार झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा. पीक सोडणाऱ्याच्या भाकरीची तजवीज त्यात कोठे आहे? आणि नफा साठविणाऱ्याच्या खात्याची झडती कोण घेणार? दोन्हींची उत्तरे ज्या करारात असतील, त्याच्या पाठीशी आपण उभे राहिले पाहिजे.