पट्टा पडल्यावर पुन्हा सुरू होणारा सेटअप



अंबाजोगाईत बोलायला उभं राहिलं की दासोपंतांच्या पासोडीला नमस्कार करूनच सुरुवात करावी लागते. त्यांनी कापडावर लिहिलेलं ‘पंचीकरण’ या गावानं चारशे वर्षं जपलं. आज आपल्या जिल्ह्यातल्या घरांत जपण्यासारखं जे आहे, ते पेनड्राइव्हवर, मेमरी कार्डावर आणि ओरखडे पडलेल्या डीव्हीडींवर आहे. लग्नाचं शूटिंग, सप्ताहातली कीर्तनं, गेलेल्या माणसांचे आवाज. हे सगळं एका जागी ठेवून घरच्या टीव्हीवर लावता यावं, अशी मोफत आणि खुली सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. एक्सबॉक्सवरचा प्लेअर म्हणून 2002 मध्ये सुरू झालेलं आणि 2014 मध्ये आजचं नाव घेतलेलं कोडी आहे. एम्बी या मीडिया सर्व्हरमधून डिसेंबर 2018 मध्ये वेगळं झालेलं जेलीफिन आहे. सॉफ्टवेअर गुणाची आहेत. पण सुरुवातीच्या चार-पाच पडद्यांवरच नवखा माणूस अडतो आणि टीव्हीला जोडलेली ती पेटी बंद करून ठेवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सेटअपनं माणसाला तेच विचारावं जे त्याला ठाऊक आहे. यंत्राला स्वतः शोधता येतं, ते यंत्रानं शोधावं.

लिब्रेइलेकचं उदाहरण घ्या. रास्पबेरी पायवर कोडी चालवणारी ही छोटी प्रणाली. पहिल्यांदा सुरू केली की ती भाषा विचारते, ते रास्तच आहे. मग होस्टनेम विचारते. पुढे एसएसएच चालू ठेवायचं का, सांबा चालू ठेवायचं का, हे विचारते. होस्टनेम तिथं आधीच भरलेलं असतं, म्हणजे उत्तर यंत्राजवळ होतंच. तरीही तो पडदा समोर येतो, आणि ज्याला काही कळत नाही तो ‘आपण काहीतरी बिघडवू’ या भीतीनं रिमोट खाली ठेवतो. ती भीती घालवणं हे आपलं काम आहे. असे प्रश्न सेटिंगमध्ये मागे राहू द्यावेत. ज्याला लागतील तो शोधत येईल.

जेलीफिनचा सेटअप यापेक्षा समंजस आहे. भाषा, नाव आणि पासवर्ड, मग लायब्ररी, माहिती कोणत्या भाषेत हवी, बाहेरून जोडणी हवी का, आणि संपलं. शिवाय ते बाहेरच्या कुठल्याही खात्याशिवाय चालतं. इंटरनेट येऊन-जाऊन असलेल्या वस्तीवर याचं मोल मोठं आहे. पण लायब्ररीच्या पडद्यावर तिथंही गाडी अडते. फोल्डर जोडताना ते विचारतं, यात काय आहे? चित्रपट, मालिका, संगीत, घरचे व्हिडिओ आणि फोटो? आता सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनाचं दोन तासांचं शूटिंग यात कुठं बसवायचं? बहुतेक जण ‘चित्रपट’ निवडतात. मग सॉफ्टवेअर बाहेरच्या माहितीकोशात फाइलच्या नावाशी जुळणारा सिनेमा शोधू लागतं, आणि महाराजांच्या कीर्तनावर भलत्याच सिनेमाचं पोस्टर येऊन बसू शकतं. घरच्या माणसांना हा महाराजांचा अपमान वाटतो, आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकत नाही. बरोबर पर्याय ‘घरचे व्हिडिओ’ हा आहे, कारण त्यात ही शोधाशोध होत नाही. पण हे तिथं कुणी सांगत नाही. पर्यायाच्या खाली एक ओळ हवी: ‘कीर्तन, लग्न, गावची जत्रा इथं ठेवा.’ तेवढ्यानं काम होईल.

खऱ्या सिनेमांचीही एक अडचण आहे. ‘श्यामची आई’ नावाची फाइल आहे. अत्र्यांचा 1953 चा की 2023 चा नवा? नावापुढं कंसात साल लिहिलं की घोळ मिटतो. सॉफ्टवेअरनं इथं अंदाज बांधून मोकळं होऊ नये. दोन्ही पोस्टर शेजारी दाखवून ‘यातला कोणता?’ असं विचारावं. याचं उत्तर आजीसुद्धा देईल.

भाषेच्या बाबतीत कोडीतली एक गोष्ट मला फार खटकत आली आहे. देवनागरीसारख्या लिपीसाठी आधी फॉन्ट एरियलवर न्यायचा आणि मग भाषा बदलायची, अशी तिथली रीत. क्रम चुकला की सगळा पडदा चौकोनांनी भरतो, आणि परत फिरायची वाटही त्या चौकोनांतच लिहिलेली. मराठी निवडणाऱ्याला मराठी फॉन्ट आपोआप मिळाला पाहिजे, यात चर्चेला जागाच नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा प्रश्न. दसरा-दिवाळी झाली की इथले हजारो कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. घर एकतर बंद असतं, नाहीतर आजी आणि नातवंडं मागे असतात. पेटी बसवली दुकानदारानं, पासवर्ड त्याच्या वहीत. मधल्या काळात लाइट गेली-आली, राउटरनं पत्ता बदलला, टीव्हीवरचं ॲप जुन्याच पत्त्यावर सर्व्हर शोधत बसलं. सातवीतला नातू बापाला फडात फोन लावतो. “पप्पा, ह्ये लॉगिन मागायलंय, काय टाकू?” बाप हातातला कोयता खाली ठेवून म्हणतो, “मला कुठं सांगितलं होतं रं त्यानं?”

सेटअप एकदाच होतो, हे गृहीत धरून बनवलेला विझार्ड या घरात निकामी आहे. सहा महिन्यांनी परतणाऱ्या माणसासाठी तो बनवला पाहिजे. जेलीफिनमध्ये याची निम्मी सोय आहे. क्विक कनेक्ट चालू असेल तर टीव्हीवर सहा आकडे येतात, आधीच लॉगिन असलेल्या फोनवर ते टाकले की टीव्ही उघडतो. त्याच नेटवर्कवरचा सर्व्हर आपणहून शोधणारी ॲपही आहेत. उरलेली निम्मी सोय आपण मागितली पाहिजे. लाइट गेली तर सेटअप थांबला तिथून पुढं चालावा. पहिल्याच दिवशी फोन घरच्याच माणसाचा जोडला जावा. शेवटच्या पडद्यानं दुकानदाराला बजावावं, की पासवर्ड कागदावर लिहून या घरात ठेवा.

कोडी आणि जेलीफिन या दोन्हींचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या ऑनलाइन व्यवस्थेवर चालतं, तिथं कुणालाही हात लावता येतो. दुपारच्या सत्रात आपण जेलीफिनच्या सेटअपचे मराठी पडदे एकेक करून वाचणार आहोत. माझी सूचना अशी, की दुरुस्त केलेले पडदे एप्रिलमध्ये, माणसं परतल्यावर, धारूर आणि वडवणीच्या वस्त्यांवर न्यावेत. रिमोट आजीच्या हातात द्यावा, आपण मागे बसावं, मध्ये बोलू नये, आणि ती ज्या पडद्यावर थांबेल त्याचं नाव वहीत लिहावं. या कामासाठी कोण कोणत्या वस्तीवर जाणार, त्याची यादी जेवणाच्या सुट्टीत दाराजवळच्या टेबलावर ठेवली जाईल.