पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या महिन्यात माझी पुतणी आमच्या मुलुंडच्या घरी आली ती हातात चार मोटारसायकलींची माहितीपत्रकं घेऊनच. अंधेरीला नोकरी करते, स्वतःच्या पैशानं गाडी घेणार आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर लडाखला जायचं तिनं ठरवलंय. तिचा एकच प्रश्न होता, ‘‘काका, टाकी किती लिटरची हवी?’’ मी म्हटलं, आधी चहा पिऊ, मग सांगतो. तो चहा दोन तास चालला. तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला थोडक्यात सांगणार आहे.

आपण उपनगरातली माणसं पेट्रोल संपण्याला भीत नाही. स्कूटर बंद पडली की ती एका अंगावर आडवी करायची, पुन्हा उभी करून किक मारायची आणि कसाबसा पंप गाठायचा, हे आपल्या पिढीनं केलेलं आहे. अगदीच नशीब फिरलं तर घाटकोपरच्या उन्हात दहा मिनिटं गाडी ढकलायची. याहून मोठं संकट आपल्याला ठाऊक नाही. ही निर्धास्त सवय घेऊनच आपण हिमालयात जातो, आणि घोळ तिथं होतो.

मनालीहून लेहला जाताना लाहौलमध्ये तांडी नावाचं गाव लागतं. चंद्रा आणि भागा या नद्यांचा तिथं संगम होतो. तिथल्या पेट्रोल पंपावर वर्षानुवर्षं एक फलक होता : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. प्रवासी त्या फलकाशेजारी उभे राहून हौसेनं फोटो काढून घेत. ३६५ किलोमीटर म्हणजे मुंबईहून निघून जवळजवळ कोल्हापूर गाठायचं आणि वाटेत एकही पंप नाही, असं समजा. खरं तर लेहच्या अलीकडे साधारण ३५ किलोमीटरवर कारूला पंप आहे. पण ती सवलत धरूनही मधले सव्वातीनशे किलोमीटर उरतातच. त्यात बारालाचा, लाचुंग ला आणि ५,३०० मीटरहून उंच असलेला तंगलंग ला, अशा मोठ्या खिंडी.

२०१४ च्या जुलैमध्ये आम्ही तिघे मित्र त्या रस्त्यानं गेलो. एक बोरिवलीचा, एक घाटकोपरचा आणि मी. गाड्या रेल्वेनं दिल्लीपर्यंत पाठवल्या होत्या. पार्सलला गाडी देताना टाकी रिकामी करावी लागते, तेव्हा कॅनमध्ये उतरणाऱ्या पेट्रोलकडे पाहून आम्ही हळहळलो होतो. बोरिवलीच्या मित्राकडे थंडरबर्ड ३५० होती. २०१२ साली आलेल्या त्या गाडीची टाकी २० लिटरची. मी वाटभर त्याला ‘पखालवाला’ म्हणून चिडवत होतो. माझ्या गाडीची टाकी साडेतेरा लिटरची.

मनालीत आम्ही टाक्या काठोकाठ भरल्या. तांडीला पोचलो तर पंपावर मोठी रांग. ते दोघे रांगेत उभे राहिले. मी मात्र हिशेब मांडला. मुंबईत माझी गाडी लिटरला ३५ किलोमीटर देते. साडेतेरा गुणिले पस्तीस म्हणजे पावणेपाचशे. मनाली ते कारू जेमतेम साडेचारशे. मग रांगेत कशाला उभं राहायचं? मी पलीकडच्या टपरीवर चहा पीत बसलो. शहाणपणा म्हणतात तो हाच!

हिशेबात गुणाकार चुकला नव्हता, पण पस्तीसचा आकडा चुकला होता. तो आकडा समुद्रसपाटीवरचा, एकट्या माणसाचा, सामान नसलेल्या गाडीचा. इथं मागे तीस किलोचं सामान, सतत चढ, पहिल्या-दुसऱ्या गिअरचं घाटातलं चालवणं. शिवाय माझी गाडी कार्ब्युरेटरची. उंचावर हवा विरळ होते, पण कार्ब्युरेटर त्या मानानं पेट्रोल कमी करत नाही. मिश्रण दाट होतं, धूर काळा होतो, ताकद घटते आणि पेट्रोल मात्र जास्त जळतं. माझी गाडी लिटरला पंचवीसवर आली होती.

हे ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी सरचूला. तिथल्या तंबूतंबूंत पेट्रोल मिळेल का, असं विचारण्यात दीड तास गेला. पुढे उतार आला की मी इंजिन बंद करून गाडी सोडून देत असे. घाटात असं करणं धोक्याचं, हे माहीत असून केलं. बाकीचे दोघे माझ्यासाठी हळू चालवत होते. लाचुंग ला उतरताना इंजिन फुरफुरलं आणि रिझर्व्हचा नळ फिरवावा लागला. पांगच्या तंबूंपाशी पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. अंधारात तंगलंग ला ओलांडणं शक्य नव्हतं.

उंचावरून जावं, पण झोपायला खाली यावं, हा त्या मुलखातला नियम. त्या रात्री ३,४०० मीटरच्या आसपास असलेल्या उपशीला उतरायचं, असं आमचं ठरलेलं होतं. त्याऐवजी आम्ही सुमारे ४,६०० मीटरवर अडकलो. रात्री घाटकोपरच्या मित्राचं डोकं ठणकू लागलं, उलट्या सुरू झाल्या, शब्द अडखळू लागले. शेजारीच लष्कराची छावणी होती. जवानांनी त्याला प्राणवायू दिला, म्हणून पहाट दिसली. मी त्याच्या उशाशी बसून होतो. तांडीची रांग फार तर अर्ध्या तासाची होती, एवढं एकच मनात येत होतं.

सकाळी थंडरबर्डच्या नळाची रबरी नळी काढून पाण्याच्या बाटल्यांत पाच लिटर पेट्रोल काढलं आणि माझ्या टाकीत ओतलं. ‘पखालवाला’ एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी मोठ्या टाकीचीच गाडी घ्यावी. तसंही नाही. पेट्रोल लिटरला पाऊण किलो भरतं. ३० लिटरची टाकी म्हणजे साडेबावीस किलो नुसतं पेट्रोल, तेही गाडीच्या वरच्या भागात. पॅरिस-डाकार शर्यतीत आफ्रिकेचं वाळवंट ओलांडायचं असे, म्हणून बीएमडब्ल्यूनं १९८४ मध्ये ३२ लिटर टाकीची गाडी काढली. तिथं ते रास्त होतं. उलट आपल्याकडे २०११ ची हिरो इम्पल्स ११ लिटरची आणि २०१९ ची एक्सपल्स १३ लिटरची. कारण या गाड्या हलक्या राहाव्यात, खडकाळ वाटेवर माणसाला सावरता याव्यात, हा हेतू. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये आली ती १५ लिटरची, २०२३ ची नवी १७ लिटरची. माझी पुतणी पाच फूट दोन इंच. भरलेली अवजड गाडी अंधेरीच्या गर्दीत एका पायावर तोलताना कलली, तर तिची तीच उचलू शकेल का, हा प्रश्न टाकीइतकाच महत्त्वाचा आहे. लडाख आठ दिवसांचं, अंधेरी वर्षभराची.

रिझर्व्हबद्दलही एक गैरसमज दूर करतो. रिझर्व्ह म्हणजे वेगळी छोटी टाकी नव्हे. टाकी एकच, नळाला आत दोन तोंडं, एक उंचावर आणि एक तळाशी. पेट्रोल वरच्या तोंडाखाली गेलं की गाडी अडते, मग तळाचं तोंड उघडायचं. म्हणजे रिझर्व्ह हे टाकीच्या आकड्यात आधीच धरलेलं असतं. ते वरकमाई नव्हे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांत बहुतेक सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं. नळ गेला, इशाऱ्याचा दिवा आला. इंजेक्शन हवेचा दाब मोजून उंचावर पेट्रोल कमी सोडतं, हा मोठा फायदा. पण त्याचा विजेवरचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी दामटणं त्याला सोसत नाही.

आणखी एक गोष्ट. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांशानं कमी. त्यासाठी न घडवलेल्या जुन्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला होता. चारशे किलोमीटरच्या पल्ल्यात हे बारा-सोळा किलोमीटर होतात. मुंबईत क्षुल्लक, मोरेच्या माळावर नाही.

म्हणून पुतणीला सांगितलं ते असं : माहितीपत्रकातला आकडा विसर. गाडी घेतल्यावर पूर्ण सामान बांधून, मैत्रिणीला मागे बसवून मुलुंडहून माळशेज घाट चढून ये. निघताना टाकी काठोकाठ, परत आल्यावर पुन्हा काठोकाठ. किती लिटर मावलं त्यानं अंतराला भाग. जो आकडा येईल त्यातून हिमालयासाठी आणखी पाचवा हिस्सा वजा कर. टाकीतूनही दोन लिटर वजा कर, ते संकटासाठी. उरलेल्यांचा गुणाकार हा तुझा पल्ला. तो कमी पडत असेल तर चांगल्या प्रतीचा, घट्ट झाकणाचा कॅन घे. पण गळ्यापर्यंत भरू नकोस. उंचावर बाहेरचा दाब कमी होतो आणि कॅन फुगतो.

तिनं सगळं वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, ‘‘आणि पंपावर रांग असली तर?’’

मी म्हटलं, ‘‘थांबायचं. तुझी टाकी भरलेली असेल, तर तुझ्याबरोबरच्यांची भरेपर्यंत थांबायचं.’’